अकरा नंबरची लक्षवेधी

शेवटच्या दिवशी माझी पाळी तीन पस्तीसला लागली.

सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखाली आम्हा प्रतिवेदकांचं टेबल. तिथं दहा मिनिटं बसायचं, कानावर पडेल ते लघुलिपीत उतरवायचं, पुढचा आला की उठायचं आणि वरच्या मजल्यावर जाऊन ते टंकित करायचं. एकवीस वर्षं मी हेच करत होते. माझ्या आधीचे रानडे उठता उठता पुटपुटले, "पेंडसेबाई, मजा आहे. सगळे खाली उतरलेत."

खाली म्हणजे माझ्या टेबलापाशी. तीस-पस्तीस आमदार टेबलाला वेढा घालून उभे. कशावरून, तर फोटोवरून! मुदत संपली की सगळ्या सभागृहाचा एकत्र फोटो काढायची पद्धत असते. त्यात पहिल्या रांगेत खुर्च्या एकवीस, आणि विरोधी पक्ष मध्येच फुटल्यामुळे नेते झालेले दोन. खुर्ची कोणत्या नेत्याला द्यायची, यावर पाऊण तास रण पेटलं होतं. एक सन्माननीय सदस्य माझ्या कानाशी तोंड आणून "हुकूमशाही!" म्हणून ओरडत होते. त्यांनी दुपारी कच्चा कांदा खाल्ला होता, हेही मला त्यांच्या भाषणातूनच कळलं.

त्या विधानसभेची पाच वर्षं म्हणजे काय सांगू! दोन मुख्यमंत्री झाले, एका पक्षाचे तीन झाले. एक सदस्य दर भाषणाच्या शेवटी शेर म्हणायचे, पाच वर्षं तोच शेर, आणि दर वेळी आधी "अर्ज किया है". दुसरे एक अडीच ते चार झोपायचे आणि झोपेतच "शेम, शेम" म्हणायचे. एकांनी राजदंड पळवला आणि दारातल्या गालिच्यात पाय अडकून पडले. त्यांच्या गुडघ्याला माझा रुमाल बांधला गेला, तो काही परत आला नाही. हे सगळं मी लिहून काढलं. हसू पहिल्या वर्षी यायचं. पाचव्या वर्षी फक्त मनगट दुखायचं.

त्या दिवशी सकाळी साडेआठपासून मी कामावर होते. आमच्यातल्या दोघी रजेवर, म्हणून पाळ्या दुपटीनं. खुर्चीत बसले तेव्हा एकच विचार डोक्यात होता, की ही दहा मिनिटं संपू देत.

आसनावर अध्यक्षांच्या गैरहजेरीत बसणारे तालिका अध्यक्ष होते. त्यांना कामकाजाची यादी संपवायची घाई. गोंधळातच ते लक्षवेधी सूचना निकालात काढत होते. लक्षवेधी म्हणजे तातडीच्या एखाद्या गोष्टीकडे सदस्यानं मंत्र्याचं लक्ष वेधायचं आणि मंत्र्यानं तिथंच उत्तर द्यायचं. "क्रमांक आठ, पटलावर ठेवण्यात आली. क्रमांक नऊ, पटलावर. क्रमांक दहा, सन्माननीय सदस्य अनुपस्थित. क्रमांक अकरा, श्री. कोंडिबा ढेबे."

आणि मागच्या बाकावरून ढेबे उठले.

हा माणूस मला माहीत होता, कारण पाच वर्षांत तो एकदाही बोलला नव्हता. डोंगरातला गवळी-धनगर, दूध आणि खवा विकणारा. तिथल्या दोन पुढाऱ्यांचं तिकिटावरून जमेना, तेव्हा दोघांनीही चिडून "मग त्या ढेब्याला द्या!" म्हटलं होतं, आणि हा पठ्ठ्या दोघांच्याही नाकावर टिच्चून निवडून आला. नियमानं यायचा, पांढरा फेटा सावरत शेवटच्या बाकावर बसायचा. त्याचा प्रश्न यादीत कधी बेचाळिसावा, कधी अठ्ठावन्नावा. प्रश्नोत्तरांचा तास संपायचा नवव्या प्रश्नाशी. आज पहिल्यांदाच त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि तेही असल्या बाजारात.

मागणी छापील यादीत होती. पांगारी धरणाच्या पाण्यापलीकडे सात वाड्या. पूल नाही, रस्ता नाही. एक वल्ह्यांची होडी, ती पावसाळ्यात चार महिने बंद. मागच्या पावसाळ्यात एक बाळंतीण काठावरच गेली. मागणी एवढीच, की एक लाँच द्या.

"अध्यक्ष महोदय," ढेबे म्हणाले. मी ते लिहिलं.

तेवढ्यात कुणीतरी टेबलावर मूठ आपटली. माझी वही उडाली, पाण्याचा पेला कलंडला. गोंधळ हाताबाहेर गेला की ध्वनिक्षेपक बंद करायचे, तसे ते बंद झाले. ढेबे बोलत राहिले, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पाटबंधारे मंत्री माझ्या डाव्या हाताला, पाच-सहा फुटांवर. ते अर्धवट उठले, काहीतरी बोलले आणि बसले. तोवर मी कंसात 'गोंधळ' असं लिहून पेनाला टोपण लावत होते. मी मान वर केली. समोर ढेबे उभे होते. त्यांनी मंत्र्यांना हात जोडले, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले.

"सभागृहाची बैठक पंधरा मिनिटांकरिता तहकूब," वरून आवाज आला.

वरच्या मजल्यावर मी ओल्या वहीची पानं पंख्याखाली धरून बसले होते. दारात कुणी खाकरलं.

"बाई, आत येऊ का?"

ढेबे होते. पाच वर्षांत आमच्या खोलीचा जिना चढून आलेला हा पहिला आमदार. बाकीचे स्वीय सहायक पाठवायचे, 'साहेबांच्या भाषणात एवढं घाला', नाहीतर 'एवढं काढा' म्हणून.

"या ना, साहेब. बसा."

"बसत न्हाई. आन् साहेब नगा म्हणू. येवढंच इचारायचं व्हतं, मंत्री बोलले त्ये लिवलंय नव्हं?"

"काय बोलले?"

"देतो म्हणाले की! पावसाळ्याच्या आदी लाँच देतो म्हणाले." त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी वहीकडे बघायला लागले. "मी आत्ता त्येंच्याकडनंच आलो. म्हटलं, साहेब, लई उपकार झालं. तर त्ये म्हणतात, 'ढेबे, मला काय आठवत नाही बुवा. कार्यवृत्तात असलं तर माझी ना नाही.' म्हणून आलो."

कार्यवृत्ताचं मंत्री खोटं सांगत नव्हता. मंत्र्यानं सभागृहात 'देतो' म्हटलं आणि ते कार्यवृत्तात छापलं गेलं, की त्याचं आश्वासन होतं. त्यासाठी वेगळी समिती असते. ती खात्याच्या मागे हात धुऊन लागते. सभागृहाची मुदत संपू दे, सरकार बदलू दे, नवी समिती तोच कागद पुढे करते. आणि छापलं गेलं नाही, तर मंत्री बोललाच नाही. त्या दिवशी सात वाड्यांची लाँच माझ्या ओल्या वहीच्या त्या पानावर होती, किंवा नव्हती.

मी पान उघडलं. लघुलिपीच्या दोन रेघा, आणि मग कंस.

"इथं गोंधळ असं आहे," मी म्हणाले.

"त्ये हाय. म्होरं?"

"पुढं काही नाही."

शेजारच्या काचेच्या खोलीतून प्रभुणे बाहेर आले. आमचे मुख्य प्रतिवेदक. कडक माणूस, पण सरळ. त्यांनी ढेबेंना नमस्कार केला, सगळं ऐकून घेतलं.

"टेप लावून बघू का?" मी विचारलं.

"माईक बंद होते. टेपवर नुसती बोंबाबोंब आहे, मी ऐकली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पेंडसेबाई, वहीत नाही म्हणजे आठवणीतून लिहायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण कानांनी ऐकलं असेल, तर तसं मला लेखी द्या. मी आत्ता अध्यक्षांपुढे ठेवतो. ते दुरुस्ती करून घेतील. तसं पूर्वी एकदा झालंय."

"बरं."

"मात्र सदस्य बोलत असताना पेन का थांबवलंत, हेही त्यात लिहावं लागेल."

खोलीत टंकलेखन यंत्रांची टकटक चालू होती. प्रभुणे पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी ज्या नावाची शिफारस वर गेली होती, ते नाव माझं होतं. एकवीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक शेरा नव्हता.

"ऐकलंत का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "काही ऐकू आलं नाही."

ढेबे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता हा माणूस भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

"न्हाई का?" ते म्हणाले. "मग माझाच आवाज बारीक पडला आसंल. त्या मंत्र्याचाबी. आमच्यात पाण्यापल्याडनं हाक मारली तरी कळतं, बाई. हितल्या बोलण्याची सवय न्हाई मला."

"आता काय करणार तुम्ही?" प्रभुण्यांनी विचारलं.

"काय करायचं? लिवलं न्हाई म्हणून काय झालं? बोललाय की त्यो मानूस. येवढ्या चार मानसांत म्हणला. त्यो काय आता माघारी जातोय व्हय?"

ढेबेंनी फेटा नीट केला, मला वेगळा नमस्कार केला आणि ते जिना उतरून गेले.

पाच वाजता खाली हिरवळीवर फोटो निघाला. आम्ही खिडकीतून बघत होतो. खुर्चीचं भांडण मिटलं होतं; बाविसावी खुर्ची आणली होती, झालं! ढेबे शेवटच्या रांगेत, अगदी कडेला. फोटोवाला त्यांना "जरा आत सरका, आत सरका" म्हणून हात करत होता. शेजारचा सरकत नव्हता. छापून आलेल्या फोटोत त्यांचा एकच खांदा आणि अर्धा फेटा आहे.

महिन्याभरानं मी मुख्य प्रतिवेदक झाले. ढेबेंना पुन्हा तिकीट मिळालं नाही. पुढची विधानसभा आली, तिचाही फोटो निघाला, मग तिच्या पुढची. लोक बदलायचे, शेर बदलायचे. मी निवृत्त झाले, डाव्या कानाला यंत्र बसलं, आणि ते सगळं मागे पडलं असं मी धरून चालले.

मग दोन वर्षांपूर्वी सचिवालयातून पत्र आलं. प्रत्येक विधानसभेच्या मुदतीचा इतिहास छापायचा आहे, सदस्यवार, तुम्ही जुन्या जाणत्या, तपासून द्या. मला काय, घरात बसून कंटाळाच आला होता. गठ्ठे आले. प्रत्येक सदस्याचं एक पान: जन्म, शिक्षण, मतदारसंघ, विचारलेले प्रश्न, केलेली भाषणं, मिळवलेली आश्वासनं. राजदंड पळवणाऱ्यांच्या नावापुढे एकशे चौदा भाषणं होती. कांदावाल्यांच्या नावापुढे सत्याऐंशी.

आणि एका पानावर: श्री. कोंडिबा राणू ढेबे. भाषणे: निरंक. आश्वासने: निरंक.

कार्यालयात आम्ही हा शब्द दिवसाला दहादा लिहायचो. काही नसलं की निरंक. ते पान मी चार दिवस टेबलावर ठेवलं. पाचव्या दिवशी पिशवी भरली आणि एसटी धरली.

धरणाच्या भिंतीपाशी एसटी संपते. तिथून पुढं लाँच. हो, लाँच आहे आता. तिच्या टपावर कुठल्यातरी नंतरच्या आमदाराचं नाव रंगवलेलं होतं, 'यांच्या अथक प्रयत्नांतून' वगैरे. चालवणारा पन्नाशीचा माणूस होता.

"ही लाँच कधी आली हो?" मी विचारलं.

"झाली की चौदा-पंधरा वर्सं. कुणाकडं जायचं?"

"ढेबेंकडं. कोंडिबा ढेबे."

तो हसला. "थापाड्या आमदाराकडं व्हय? त्येनं बी आनली व्हती की लाँच. तोंडानं!" आणि शेजारच्या बाईकडे बघून त्यानं डोळे मिचकावले. मी पाण्याकडे बघत बसले. हिशेब मला करायचा नव्हता, पण झालाच. त्या दिवसानंतर लाँच यायला नऊ वर्षं लागली होती.

ढेबे अंगणात बसून दोर वळत होते. फेटा गेला होता, केस पांढरे झाले होते, पण मला त्यांनी लगेच ओळखलं.

"आगं, बाई आल्या! सभेतल्या, लिवणाऱ्या बाई!"

दाराशी त्यांची बायको नाचणी पाखडत होती. भागाबाई. तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. 'या' म्हणाली नाही. डोंगरातली बाई दारात आलेल्याला 'या' म्हणाली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी पाणी प्यायले. हवापाण्याचं बोलायला लागले, पण जमेना. तीस वर्षं लोकांना मूळ मुद्दा सोडून भरकटताना लिहून घेतलंय मी, मला माझाच राग आला.

"ढेबे," मी म्हणाले, "मी ऐकलं होतं. त्या दिवशी. मंत्री 'देतो' म्हणाले ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं. मी प्रभुणे साहेबांना खोटं सांगितलं."

ढेबेंचे हात दोरावर चालतच राहिले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"त्यो बोलला तवा तुमी टोपान लावत हुता. आन् मान वर करून बगितलंत. आधी त्येच्याकडं, मग माझ्याकडं. ज्येला ऐकू येत न्हाई, त्यो कशापायी मान वर करील?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? प्रभुण्यांसमोर?"

"तुमी न्हाई म्हणालात. चार पुरुसांत बाईला खोटी पाडायची व्हय? तुमची नोकरी गेली आसती. आन् मला काय, वाटलं मंत्री बोललाय, लाँच आता येतीच." त्यांनी दोराला पीळ दिला. "माझं सोडा. मला सांगून काय उपेग? हिला सांगा. तेवीस वर्सं हिला वाटतंय, मीच थाप मारली."

भागाबाईंचं सूप थांबलं.

"मला काय सांगायचं नगं," त्या म्हणाल्या. मग स्वतःच बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता. "आमच्यात पोटुशी बाई मिरगाआदी धरणापल्याड नेऊन ठेवत्यात. पावन्याकडं, नायतर तालुक्याला खोली घिऊन. होडी बंद झाली की मग कोण नेणार? दर साली नेत्यात. माझा भाऊ धोंडू, त्यो बघा, त्या पल्याडल्या वाडीत ऱ्हातो. त्येची सून सातव्या म्हयन्यात हुती. सगुना. धोंडू तिला न्यायला निगाला, तर ह्येंनी अडीवलं. म्हणलं, कशाला पोरीला परक्याच्या दारात चार म्हयनं ठेवतोस? मंत्र्यानं भर सभेत शब्द दिलाय, पावसाळ्याआदी लाँच येती."

"मीच म्हणलो," ढेबे म्हणाले.

"आखाडात गेली. पोरासकट. धरणाच्या ह्याच काठावर, रात न् दीस पाऊस. धोंडू म्हणला, दाव कुठं लिवलंय मंत्र्यानं दिलेलं. ह्येंनी पत्रं धाडली. दोन वर्सांनी पुस्तक आलं छापून. धोंडू चौथी शिकलाय, त्येनं समद्यांम्होरं वाचलं. 'अध्यक्ष महोदय', आन् कंसात 'गोंधळ'. बस. पुस्तक ह्येंच्या अंगावर फेकलं आन् गेला. त्या दिसापास्नं माझ्या दारात आला न्हाई. म्या राखी बांधाया गेले, तर त्येनं कडी लावली."

मला बसवेना. मी उठून उभी राहिले, कशासाठी कुणास ठाऊक. वहीत मी कंसात एक शब्द लिहिला होता. तो इथं एका पोरीच्या बापासारख्या सासऱ्यानं मोठ्यानं वाचला होता.

"भागाबाई, हे खरं बोलत होते," मी म्हणाले. "मंत्री म्हणाले होते, 'पावसाळ्याच्या आधी लाँच देतो, बसा आता.' शब्द न् शब्द. मी पाच फुटांवर होते."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ.

"मग लिवलं का न्हाई?"

मी वाटेत पुष्कळ उत्तरं जुळवली होती. गोंधळ होता, वही भिजली होती, नियम होता, बढती होती. ती सगळी मी बाजूला ठेवली.

"दमले होते," मी म्हणाले. "सकाळपासून तेच तेच लिहीत होते. आता काही कामाचं बोलणार नाहीत, असं धरलं आणि टोपण लावलं. आणि ते ऐकू आल्यावर परत काढायचा कंटाळा केला. एवढंच. नंतर घाबरले, ते नंतर."

भागाबाईंनी सूप खाली ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि तरातरा पाण्याकडे चालायला लागल्या. ढेबे दोर टाकून उठले. मी त्यांच्या मागून गेले. घराखाली उतरंडीला पाण्याचा एक फाटा आत आला होता, फार रुंद नाही. पलीकडे चार-पाच घरं, आणि काठावर म्हशी पाण्यावर आणणारा एक म्हातारा.

भागाबाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"धोंड्याऽऽ!"

म्हातारा थांबला. बहुधा वीस-एकवीस वर्षांत त्याला ह्या काठावरून कुणी त्या नावानं हाक मारली नसावी.

"धोंड्याऽऽ, ह्ये खोटं बोललं न्हवतंऽऽ! मंत्री म्हणला व्हताऽऽ! लिवनारी बाई आलीयाऽऽ!"

पाण्यावरून आवाज गेला. म्हातारा तसाच उभा. मग तिकडून आलं, मला यंत्राशिवाय ऐकू आलं असतं इतकं स्वच्छ:

"काऽऽय? परत सांगऽऽ!"

त्याला ऐकू गेलं होतं. ते मला लगेच कळलं. ऐकलेलं ऐकलं नाही म्हणणाऱ्याचा सूर मी ओळखते.

भागाबाई माझ्याकडे वळल्या. "माझं त्येला पटायचं न्हाई. तुमी सांगा."

"मी?"

"मग कोन?"

तीस वर्षं मी त्या सभागृहात बसले, पण एक शब्द मोठ्यानं बोलले नाही. आम्हाला तिथं खोकायचीही बंदी. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. घशातून नुसती हवा आली. ढेबे बाजूला उभे होते, ते हळूच म्हणाले, "पोटातनं, बाई. घशातनं न्हाई जायचा."

मी हात तोंडाशी धरले.

"मी ऐकलं होतंऽऽ! मंत्री लाँच देतो म्हणाले होतेऽऽ! मीच लिहिलं नाहीऽऽ! यांची चूक नाहीऽऽ!"

म्हशी पाण्यात उतरल्या. ढेबे खाली मान घालून उभे होते आणि त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल हलत होता. फोटोतला तो एकच खांदा मला आठवला, आणि मी तोंड फिरवलं.

मग पलीकडच्या म्हाताऱ्यानं हातातली काठी म्हशींच्या दिशेनं टाकून दिली आणि काठाकाठानं, जिथं होडी बांधली होती तिकडे चालायला लागला.

भागाबाई एकदम घाईत आल्या. "आगं बया," म्हणाल्या, "दूध हाय का बगाया पायजे. त्येला कोरा चा चालत न्हाई." आणि पदर खोचत त्या चढावर निघाल्या.